‘आढळला नाही’ असं लिहिण्याआधी शोधावं लागतं

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
वैद्यकीय मंडळ, जिल्हा रुग्णालय.

(जिल्ह्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांनी सही केली त्यांना कळेल. ज्यांना कळणार नाही, त्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं समजून वाचावं.)

विषय : माझ्या तपासणी अहवालातल्या तीन वाक्यांपैकी मधल्या वाक्याबाबत.

महोदय,

गेली १९ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. ‘उपरोक्त विषयान्वये’ने सुरू होणारे अर्ज इतके लिहिलेत की हाताला तेच वळण लागलंय. हे पत्र मात्र साध्या भाषेत आणि चारचौघांत लिहिते आहे. आवक नोंदवहीत एक क्रमांक पडून ते तिथेच झोपू नये, एवढ्यासाठी.

आजारपणाच्या रजेची खातरजमा करायला मला आपल्याकडे पाठवलं होतं. आपल्या मंडळाने माझ्या कागदावर तीन वाक्यं लिहिली. ‘सर्व तपासण्या नॉर्मल. कोणताही आजार आढळला नाही. कामास योग्य.’ पहिलं वाक्य खरं आहे. तिसरं मला मान्य आहे. मी कामास योग्यच आहे, आणि मला शिकवायचंच आहे. माझं भांडण मधल्याशी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत दुखायला लागलं. आधी मान आणि खांदे, मग कंबर, मग मांड्या, पोटऱ्या, हाताचे पंजे. सकाळी उठलं की रात्रभर कुणी मुसळाने कांडून काढल्यासारखं अंग. झोप लागत नव्हती असं नाही. आठ-आठ तास झोपायची आणि उठताना वाटायचं, रात्रभर एसटीच्या मागच्या सीटवर बसून आलेय. शाळेत पाढे म्हणून घेताना सतरा सातेला येऊन अडले, आणि चौथीच्या पोरांनी मला पुढचं सांगितलं. ती हसली, मीही हसले. घरी आल्यावर मात्र भीती वाटली.

मग १४ महिने आणि सात डॉक्टर. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढायला लावला. रक्त तर इतक्या वेळा दिलं की लॅबमधला मुलगा नावाने ओळखायला लागला: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, एएनए, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व. ड थोडं कमी निघालं. त्याच्या पुड्या दुधातून घेतल्या, ते वाढलं, दुखणं तसंच राहिलं. त्या सगळ्या काळात सर्वांत बरं कशाने वाटलं असेल तर सासूबाईंच्या निर्गुंडीच्या शेकाने. हे मी कुणा डॉक्टरला सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

शेवटी शहरातल्या एका संधिवाततज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी माझी जाडजूड फाईल बाजूला ठेवली, एक कागद पुढे ओढला आणि विचारायला लागल्या. गेल्या आठवड्यात जबडा दुखला? डावा? उजवा? खांदा? दंड? कोपराखालचा हात? अशा १९ जागा. मग थकवा किती, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, आठवण-लक्ष कसं आहे; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी, ओटीपोटात कळा, उदासी यांना एकेक. मग हाताने दाबून पाहिलं, सांधे सुजलेत का ते पाहिलं, स्नायूंची ताकद पाहिली. पाऊण तास लागला. जागा निघाल्या १३, लक्षणांचे गुण नऊ. त्यांनी ‘फायब्रोमायल्जिया’ असं लिहिलं. म्हणजे महिनोन्‌महिने अंगभर दुखत राहण्याचा आणि थकव्याचा आजार.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘फायबर? म्हणजे प्लास्टिकचं?’ समजावून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या आईला हेच होतं गं. आम्ही तिला रडकी म्हणायचो.’

नाव कळल्याला आता सात महिने झाले. या आजारासोबत राहायला शिकणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत असणं गरजेचं आहे, कारण आपल्या त्या तपासणीने नेमकं तेच मोडलं. आमच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर एक दिवसाआड येतो. ज्या बाईला हे कळलेलं असतं ती पहिल्याच दिवशी गोधड्या धुवायला काढत नाही. मी नेमकं ते करत होते. बरं वाटलेल्या एका रविवारी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या आणि पुढचे तीन दिवस केस विंचरायलाही हात वर जाईना. आता अंगातली ताकद टँकरच्या पाण्यासारखी पुरवून वापरते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेही पहिल्या आठवड्यात फक्त पाच मिनिटं. ‘सहावं मिनिट चालायचं नाही, कितीही वाटलं तरी,’ असं बजावून. हल्ली बावीस मिनिटं चालते. कुणी विचारलं काय औषध चालू आहे, तर मी आधी चालणं सांगते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली या आजारासाठी शिफारशी केल्या. त्यांतल्या उपचारांपैकी ज्याला भक्कम पाठिंबा मिळाला तो एकटा व्यायाम होता. गोळ्या सगळ्या त्याच्या मागे.

वर्गातही बदल केले. फळ्याच्या वरच्या भागात मी लिहीत नाही. तारीख आणि सुविचार पोरं लिहितात, आणि त्यावरून त्यांच्यात रोज भांडणं लागतात, इतकं ते मानाचं झालंय. परिपाठाला मी कट्ट्यावर बसते. अवघड गणित पहिल्या तासाला घेत नाही, कारण अकरापर्यंत माझं डोकं धड चालत नाही. या कशालाच शासनाचा पैसा लागलेला नाही.

तरी पावसाळ्यात एकदा जोरात उसळलं आणि २४ दिवस रजा घ्यावी लागली. परिवर्तित रजेचा अर्ज केला, प्रमाणपत्र जोडलं. तालुक्याच्या कार्यालयाला आजाराचं नाव ओळखीचं वाटलं नाही, म्हणून मला आपल्याकडे पाठवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. नियमाने त्यांना दुसरं मत मागता येतं.

आता आपल्याकडचा दिवस.

सकाळी दहाची वेळ होती. मंडळ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाकं दोन, माणसं साठेक. त्यात काठीवाले, कुबड्यावाले, डायलिसिसवरून थेट आलेले एक काका. त्यांना जागा द्यायला मी उठले आणि मग पावणेदोनपर्यंत उभीच होते. आत गेल्यावर आठ मिनिटं. समोर हाडांचे डॉक्टर होते, डोळ्यांचे होते, आणखी एक होते ते मोबाईलवर बोलत होते. एकांनी फाईल चाळली आणि म्हणाले, ‘मॅडम, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, आनंद माना की.’ औषधाच्या चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन दिसल्यावर दुसरे म्हणाले, ‘अच्छा, डिप्रेशनची गोळी चालू आहे. मग बरोबर.’ तिसऱ्यांनी मोबाईल बाजूला न करता सांगितलं, ‘चाळिशीनंतर बायकांना होतंच. टेन्शन घेऊ नका.’

एकानेही मला हात लावला नाही. कुठे दुखतं, हेही विचारलं नाही.

हे मी रागाने लिहितेय असं वाटू नये म्हणून नंतर माहितीच्या अधिकारात माझ्या तपासणीची नोंद मागितली. अर्धं पान मिळालं. उंची, वजन, रक्तदाब १२४/८०. त्याखाली ती तीन वाक्यं. उंची-वजनात फायब्रोमायल्जिया सापडत नाही, साहेब.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच. रक्तात, एक्स-रेत, एमआरआयमध्ये न दिसणं हे या आजाराचं लक्षणच आहे. त्या तपासण्या करतात त्या आमवात, थायरॉईड असलं दुसरं काही नाही ना, हे बघायला. तेव्हा ‘सर्व नॉर्मल’ याचा अर्थ ‘शोध आता सुरू करा’ असा होतो. तो करायचा कसा, हे ठरलेलं आहे. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निकष केले तेव्हा अंगावरच्या १८ बिंदूंवर चार किलोच्या दाबाने दाबून ११ ठिकाणी दुखतं का ते पाहायचे. २०१० मध्ये बिंदू गेले आणि जागा-लक्षणांच्या गुणांची पद्धत आली. २०१६ मध्ये ती सुधारली: सात किंवा जास्त जागा आणि लक्षणांचे किमान पाच गुण, किंवा चार ते सहा जागा आणि किमान नऊ गुण, शरीराच्या पाचपैकी चार भागांत दुखणं, आणि हे सगळं तीन महिने तरी. एका पानावर मावतं. पेन सोडून काही लागत नाही. चौथीच्या पोरांना मी यापेक्षा लांबलचक प्रश्नपत्रिका देते.

दुसरी तक्रार ‘टेन्शन’ची. ताणाने हे दुखणं वाढतं, हे खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. पण वाढणं वेगळं आणि नसणं वेगळं. ग्रेसली आणि क्लॉ या संशोधकांच्या चमूने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितला. फायब्रोमायल्जियाच्या १६ रुग्णांच्या आणि १६ निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूची चित्रं घेतली. निरोगी माणसाला जितकं दुखायला बराच जास्त दाब लागला, तितकंच रुग्णांना जवळपास निम्म्या दाबाला दुखत होतं, आणि मेंदूतली वेदनेची केंद्रंही तशीच उजळत होती. म्हणजे माणूस दुखण्याचं नाटक करत नव्हता. मज्जासंस्थेतच आवाज वाढवून ठेवलेला होता. अशा दुखण्यासाठी वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये वेगळा शब्दही स्वीकारला, ‘नोसिप्लास्टिक’. मराठीत त्याला काय म्हणावं मला सुचलेलं नाही. सासूबाई ‘अंग चेकाळलंय’ म्हणतात. सध्या तोच वापरते.

आणि ती गोळी. मला रात्री दहा मिलिग्रॅम चालू आहे, झोप आणि वेदनेसाठी. नैराश्याला याच्या कितीतरी पट मात्रा देतात, हे आपण सगळे शिकलेले आहात. मला नैराश्य असतं तरी ते लपवायचं काही कारण नव्हतं. पण गोळीचं नाव वाचून रोगाचं नाव ठरवणं हे औषधाच्या दुकानात शोभतं, मंडळाच्या खोलीत नाही.

जिन्याची आणि बाकांची तक्रार मी लांबवत नाही. ज्यांना चालता येत नाही अशांना तपासायची खोली तिसऱ्या मजल्यावर का, हे विचारायला आजारी असायची गरज नाही. त्या एका दिवसाने माझं पुरवून ठेवलेलं चार दिवसांचं पाणी संपवलं. घरी आल्यावर मी सोमवार ते गुरुवार पडून होते. त्यासाठीही रजा लागली. तीही आता वादात आहे.

शेवटची तक्रार त्या वाक्याच्या प्रवासाची. आपण लिहिलंत आणि पुढची फाईल ओढलीत. ते वाक्य मात्र तालुक्याला गेलं आणि माझी रजा असाधारण झाली, पगार कापला. मग ते शाळेत आलं. ज्या सहकारी बाई माझ्या वाटची पोषण आहाराची नोंदवही आपणहून भरायच्या, त्या आता ‘बोर्डाने काही नाही म्हटलंय ना?’ असं विचारतात. त्या वाईट नाहीत. सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवायला मीच पोरांना शिकवते. मग ते घरी आलं. यजमानांनी कागद वाचून घडी घातला आणि जेवायला बसले, काही बोलले नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना शंका आली असेल का, हे मी अजून विचारलेलं नाही.

आपली बाजूही मला दिसते. आमच्याच खात्यात बदली टाळायला, सोयीची शाळा मिळवायला खोटी प्रमाणपत्रं काढणारे आहेत. त्यांच्यामुळे आपण प्रत्येक कागदाकडे संशयाने बघता. एका दिवसात साठ माणसं तपासायची, वर वॉर्ड सांभाळायचे, हेही सोपं नाही. पण मग गुण मोजणारा कागद आपल्याच कामाचा आहे. खोटं बोलणारा एकोणीस जागा आणि त्यांचा काळ सांगताना कुठेतरी अडखळेल. आठ मिनिटांत फाईल चाळून खरा आणि खोटा दोघेही एकाच वाक्याखाली येतात, आणि खोट्याचे रिपोर्ट बऱ्याचदा जास्त नीटनेटके असतात.

आपल्या राज्यात हे विचारायची रीत नव्हती असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघर जाऊन, माणसागणिक, कुठे दुखतं ते विचारून संधिवाताचं सर्वेक्षण सुरू झालं. भारतातलं त्या तऱ्हेचं ते पहिलं. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. खेड्यातल्या दारात उभं राहून जो प्रश्न विचारता आला, तो जिल्हा रुग्णालयाच्या खोलीत, समोर बसलेल्या बाईला विचारता येऊ नये?

मला काय नको आहे तेही सांगते, म्हणजे गैरसमज नको. मला दिव्यांग प्रमाणपत्र नको. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात फायब्रोमायल्जिया नाही, आणि तो असावा की नाही हा वाद आपल्याशी घालून उपयोग नाही. मला बदलीही नको. माझी शाळा घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि माझी पोरं चांगली आहेत. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, आयुष्य कमी होत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय आणि मी ते सगळ्यांना सांगते. सहानुभूती तर नकोच. ती शेजारीपाजारी भरपूर मिळते, चहासकट.

मागण्या पाच आहेत.

एक. माझी फेरतपासणी करा, २०१६ च्या निकषांनी, आणि आलेले गुण अहवालात लिहा. कमी आले तर कमी लिहा. ते मी मान्य करेन.

दोन. यापुढे अंगभर दुखण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकासाठी तो एक पानाचा कागद आधीच भरून घ्या. बाहेर पावणेचार तास बसलेल्या माणसाला तेवढा वेळ नक्की असतो.

तीन. जे तपासलं नाही त्यापुढे ‘तपासले नाही’ असं लिहा. ‘आढळला नाही’ हे शब्द शोधल्यानंतरचे आहेत. शंका असेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषधवैद्यक विभागाकडे पाठवा, आम्ही जाऊ.

चार. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्यामध्ये शिफारशीसाठी चार ओळींची जागा ठेवा. माझ्यासारख्या बहुतेकांचं काम तिथेच भागेल: वर्गात खुर्ची असावी, निवडणुकीच्या कामात यंत्रांच्या पेट्या उचलायला लावू नये, सलग उभं राहण्याची ड्युटी नको. एवढं लिहून मिळालं तर मला रजाच कमी लागेल. शासनाच्या हिशेबानेही ते स्वस्त पडेल.

पाच. खोली तळमजल्यावर आणा. ते होईपर्यंत क्रमांकासोबत अंदाजे वेळ द्या.

१२ मे हा फायब्रोमायल्जियाचा जागतिक जागृती दिन असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा वाढदिवस असल्याने त्याच दिवशी आपल्याकडे परिचारिका दिन होतो. आपल्या आवारात फुलं, भाषणं, रांगोळी असते. मी फुलं मागत नाही. त्या दिवशी हा कागद बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लागला तर बघा. मी तो सोबत जोडला आहे: १९ जागा, मराठीत, माझ्या हस्ताक्षरात. फळ्यावर लिहायची सवय आहे, त्यामुळे अक्षर लांबूनही वाचता येतं. ‘ओटीपोट’ची वेलांटी एका पोराने तपासून दिली आहे.

फेरतपासणीची तारीख कळवावी. शक्यतो शनिवार द्यावा, शाळा सकाळची असते. जिना चढायचा असेल तर तसंही कळवावं, म्हणजे शुक्रवारी मी काही काम काढणार नाही.

आपली,
चौथीची वर्गशिक्षिका

सोबत : वर उल्लेखलेला कागद, एक पान. झेरॉक्स काढायला माझी हरकत नाही.